शांघायचा एक दिवस : आधी बसायच्या जागा ठरवा

नाशिकच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या यजमानांना नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात कामासाठी शांघायला जायचं आहे. मुलांच्या दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे दिवस त्यातच येतात, म्हणून या वेळी सगळं घरच निघालं आहे : ताई, तेरा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि एकोणसत्तर वर्षांच्या सासूबाई. यजमानांना मोकळा दिवस एकच, शनिवार. त्या दिवसासाठी त्यांनी एक्सेलमध्ये बारा ठिकाणं भरून ठेवली आहेत, सकाळी साडेसातपासून रात्री साडेदहापर्यंत, प्रत्येकासमोर मिनिटं लिहून. धाकटे दीर म्हणतात, पायी कशाला, उघड्या डबल डेकरचं तिकीट काढा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे ‘त्या हॉटेलवरच थांबतील’ हे घरात जवळपास ठरलेलं आहे. त्यात सासूबाई आणि ताई शाकाहारी. ताई विचारतात : ‘एवढा खर्च करून जायचं आणि काही राहून गेलं तर जन्मभर ऐकावं लागेल. सगळं बघायचं तर म्हातारं माणूस आणि लहान मूल घेऊन चालायचं कसं? की बसच बरी? मी दिवसभर नुसती भांडणंच सोडवत फिरणार आहे का?’

प्रिय ताई,

एक्सेल शीट पत्रासोबत पाठवलीत ते फार बरं केलंत. मी ती चहा घेता घेता वाचली आणि चहा गार झाला. युयुआन बागेसमोर ‘२५ मिनिटे’ असं लिहिलं आहे. ही बाग पान युनद्वान नावाच्या अधिकाऱ्याने १५५९ साली आपल्या म्हाताऱ्या वडिलांना निवांत बसता यावं म्हणून बांधायला घेतली आणि पुरी व्हायला अठरा वर्षं लागली. तुमचे यजमान ती पंचवीस मिनिटांत उरकणार, तेही आईला हॉटेलवर ठेवून. हे त्यांना हसत हसत सांगा. रागाने सांगितलंत तर ते तेरावं ठिकाण घालतील.

पण खरी गोष्ट अशी की चूक मिनिटांची नाही. यादी बनवताना त्यांनी विचारलं, ‘काय काय बघायचं?’ आणि नकाशावर टिंबं काढली. सात वर्षांचं मूल आणि दुखरे गुडघे बरोबर असले की विचारायचं ते ‘कुठे कुठे बसायचं?’ आधी बसायच्या चार-पाच चांगल्या जागा ठरवायच्या, मग दोन जागांच्या मधे जे पायांना झेपेल तेवढं बघायचं. तीन-चार ठिकाणं होतील. पुरेत. बारा ठिकाणी फोटो काढून आलेल्या माणसाला महिन्याभराने विचारा, कुठला फोटो कुठला. मोबाईल चाळल्याशिवाय सांगता येत नाही.

आता सासूबाई. तुमच्या पत्रात ‘त्या हॉटेलवर थांबतील’ हे तीनदा आलं आहे. त्यांनी असं म्हटल्याचं मात्र एकदाही आलेलं नाही. विचारलंय का त्यांना? गुडघे दुखणारं माणूस चालत नाही असं नसतं. बहुतेकांना जिने, उंच उंबरे आणि एका जागी ताटकळणं नको होतं. सपाट रस्त्यावर, दर पंधरा-वीस मिनिटांनी टेकायला मिळालं, तर ती बरीच चालतात. इथे नाशिकमध्येच त्यांना एक दिवस गोदाकाठी घेऊन जा आणि बघा : किती चालल्यावर बसावंसं वाटतं, चढ जास्त दुखतो की उतार. दोन दिवस असं केलंत तर एक्सेलपेक्षा खरा आकडा हाती लागेल. आणि त्या स्वतःच म्हणाल्या, मला नाही झेपायचं, तरी आख्खा दिवस खोलीत कशाला? अर्धा दिवस असतोच की.

बसचं सांगते. दिरांचं अगदीच चूक नाही. पाऊस असेल, कुणाला ताप असेल, तर बस बरी. पण शनिवारी मध्य शांघायच्या रस्त्यांवर गर्दी असते, नोव्हेंबरात उघड्या मजल्यावर वारा झोंबतो, आणि मुलांना काचेतून इमारती बघायचा कंटाळा अर्ध्या तासात येतो. शिवाय पाय दुखतात ते चालून कमी आणि चढ-उतर करून, थांब्यावर उभं राहून जास्त. शांघायचा जुना मध्यभाग तसा आटोपशीर आहे. युयुआन बाग, ‘बंड’ नावाचा नदीकाठचा रस्ता, नानजिंग रोड आणि पीपल्स पार्क हे सगळं एकमेकांपासून दीड-दोन किलोमीटरच्या आत. मधला लांबचा तुकडा मेट्रोने किंवा गाडीने काढला की पायी पाच-सहा किलोमीटर राहतात, तेही दिवसभरात वाटून. म्हणून मी पायीच म्हणेन, फक्त हट्टाने सगळं पायी नको.

तारखांचं नशीब तुमच्या बाजूने आहे. १ ऑक्टोबरपासूनचा त्यांच्या राष्ट्रीय दिनाचा आठवडा, मे महिन्याची पहिली सुट्टी आणि चिनी नववर्ष, या तीन वेळा इतर वाचकांनी टाळाव्यात. आख्खा देश फिरायला निघालेला असतो. जूनमधला पाऊस आणि जुलै-ऑगस्टचा दमट उकाडाही मुलांना सोसत नाही. नोव्हेंबरात दिवसा स्वेटर पुरतो, संध्याकाळी जॅकेट लागतं. एकच गोष्ट शीटमध्ये सुटली आहे : त्या दिवसांत शांघायला पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. संपूर्ण चीनला एकच वेळ आणि शांघाय त्याच्या पूर्व किनाऱ्यावर. म्हणजे ‘सायंकाळी ५ : नदीकाठ, उन्हात फोटो’ हे होणार नाही. पण दिवे बघायला मुलीला रात्री दहापर्यंत जागवावंही लागणार नाही.

मी असा दिवस आखेन. हॉटेल शक्यतो पीपल्स स्क्वेअर किंवा पूर्व नानजिंग रोड या मेट्रो स्थानकांच्या जवळ घ्या. थोडं महाग पडेल, पण दुपारी खोलीवर येऊन आडवं होता येणं हाच तुमच्या दिवसाचा कणा आहे. विमानतळाजवळच्या स्वस्त हॉटेलात वाचवलेले पैसे गाड्यांत आणि चिडचिडीत जातील.

सकाळी नऊला, दार उघडतानाच, युयुआन बागेत. मेट्रोची दहा आणि चौदा नंबरची लाईन तिथे जाते. तिकीट हंगामानुसार तीस-चाळीस युआन, म्हणजे चारशे-पाचशे रुपयांच्या आत. ज्येष्ठांना आणि मुलांना सवलत असते, त्यासाठी पासपोर्ट जवळ हवा. शनिवारी साडेदहानंतर तिथे माणसांची रीघ लागते, म्हणून सकाळ सोडू नका. बागेत गोल गोटे बसवलेल्या वाटा आहेत, उंबरे उंच आहेत, पायऱ्या जागोजाग. सासूबाईंनी पूर्ण फेरी मारायचा प्रयत्न करू नये. पहिल्या एक-दोन मंडपांत बसावं. समोर तळं, कृत्रिम दगडी डोंगर, लाल-सोनेरी मासे. तेवढ्यात मुलांना घेऊन तुम्ही भिंतीवरचा ड्रॅगन शोधा. आख्ख्या भिंतीच्या माथ्यावरून त्याचं खवल्यांचं अंग गेलेलं आहे आणि टोकाला तोंड. मुलीला सांगा, पंजाची नखं मोज. पाच नखांचा ड्रॅगन फक्त सम्राटाचा असे, दुसऱ्या कुणी तो मिरवायचा नाही. म्हणून इथल्या ड्रॅगनला कमी. एवढं एक काम दिलं की मूल बागेत अर्धा तास रमतं. ‘बघ किती सुंदर’ म्हटल्याने रमत नाही.

बाहेर पडल्यावर नऊ वळणांचा पूल आणि तळ्याच्या मधोमध हूशिनतिंग नावाचं चहाघर. १९८६ मध्ये इंग्लंडची राणी एलिझाबेथ तिथे चहाला आली होती. चहा महाग आहे आणि त्यात दूध-साखर नसते, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. पण खिडकीतली जागा मिळाली तर ते पैसे चहाचे नाहीत, बसण्याचे. खालून पुलावरची गर्दी वळणं घेत जाते. तो देखावा मुलांनाही पुरतो. आजूबाजूच्या बाजारात मात्र शिरू नका. सगळं चकचकीत आणि एकसारखं, आणि तिथे मुलीचा हात सुटला तर शोधता शोधता नाकी नऊ येतील.

तिथून दुपारच्या जेवणाला गाडीने जा. मेट्रोने दोन स्थानकं आहेत, पण मधे लाईन बदलावी लागते आणि पीपल्स स्क्वेअर स्थानकाच्या पोटातलं चालणं बागेपेक्षा जास्त होतं. तुम्ही पाच जण आणि साध्या टॅक्सीत चौघंच बसतात, हेही शीटमध्ये नाही. दीदी हे तिथलं ओला-उबर. ते अलिपे या पैसे देण्याच्या ॲपच्या आतूनच उघडतं, इंग्रजीत चालतं, आणि त्यात सहा आसनी गाडी मागवता येते. नुसता हात दाखवून टॅक्सी थांबवाल तर दोन गाड्या, दोन तुकड्या आणि एका तुकडीकडे फोन नाही, असा घोळ होईल.

जेवणाची काळजी तुम्ही फार केली आहे, थोडी कमी करा. पश्चिम नानजिंग रोडवर, पीपल्स पार्कच्या जवळच, गोंगदेलिन नावाचं शाकाहारी हॉटेल आहे, १९२२ पासूनचं. बौद्ध पद्धतीचं जेवण, म्हणजे मांस तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या माणसालाही चालावं असं. मात्र एक धक्का बसेल : पदार्थांची नावं आणि रूप मांसाहारी. सोयाबीनच्या पापुद्र्यांचं ‘बदक’ हुबेहूब बदकासारखं भाजलेलं येतं. सासूबाईंना ताटात ते बघून मळमळायला नको, म्हणून मेनूमधले फोटो बघून मश्रूम, टोफू, पालेभाज्या, नूडल्स असं मागवा आणि बदक मुलापुढे ठेवा. अंडं चालत नसेल तर भाषांतराच्या ॲपवर वाक्य तयार ठेवून दाखवा. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं तर कळत नाही. रस्त्यावरच्या गाड्यांवर जास्त जपा. मश्रूम-भाजीचा वाफवलेला गोळा शाकाहारी दिसतो, पण सारणात कधी डुकराची चरबी असते. भाजलेलं रताळं, उकडलेलं कणीस आणि वाळूत भाजलेले चेस्टनट, हे नोव्हेंबरात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं आणि त्यात फसवणूक नाही. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी पिशवीत असू द्याच. ताजी फळं, दूध-लोणी, मांसाचे पदार्थ मात्र चीनमध्ये नेता येत नाहीत, ते भरू नका. आणि थर्मास न्या. गरम पाणी पिण्यात तिथली माणसं आपल्या आजीबाईंच्या पुढची आहेत. कुठल्याही उपाहारगृहात मागा, कुणाला नवल वाटत नाही.

जेवणानंतर पीपल्स पार्क. शीटमध्ये ते नाही आणि माझ्या मते सासूबाईंसाठी सगळ्या शांघायमधली खरी जागा तीच. शनिवार-रविवारी दुपारी तिथे लग्नाचा बाजार भरतो. लग्नाच्या वयाची मुलं-मुली नसतात. त्यांचे आईबाप असतात. जमिनीवर उघडलेल्या छत्र्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येक छत्रीवर चिकटवलेला कागद : जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, शहरात घर आहे की नाही. शेजारी घडीच्या स्टुलावर आई बसलेली, मांडीवर चहाची बाटली. दुसरी आई येते, चष्मा वर करून कागद वाचते, एखादा प्रश्न विचारते, मान हलवून पुढे जाते. पुष्कळ मुलांना घरी पत्ताही नसतो. भाषा कळली नाही तरी सासूबाईंना यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. त्यांना तिथल्या एखाद्या बाकावर बसवा, वेळेचं बंधन घालू नका. कागदांचे जवळून फोटो मात्र काढू नका. तिथल्या लोकांना ते खपत नाही आणि आपल्यालाही खपलं नसतं. बागेत कुणी आजोबा लांब दांड्याच्या कुंचल्याने पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढत असतील तर मुलीला तिथे उभी करा. पहिली ओळ वाळेपर्यंत ते तिसरीवर पोचलेले असतात.

मग खोली. दीड ते साडेतीन, चारपर्यंत. यजमान म्हणतील, परदेशात येऊन झोपायचं? हो, झोपायचं. दुपारी न झोपलेलं सात वर्षांचं मूल संध्याकाळी सहाला काय करतं हे त्यांना ठाऊक नसेल, कारण त्या वेळी ते ऑफिसात असतात.

आणि इथे तुमच्या पत्रातल्या एका ओळीकडे येते. ताजा कलम म्हणून तुम्ही लिहिलंत, ‘मला खरं तर ती जुनी घरं बघायची होती, बांबूवर कपडे वाळत घातलेली, पण ती कुणाच्या यादीत नाहीत.’ मग घाला. सासूबाई आणि लेक झोपलेल्या असताना यजमान खोलीत बसून ईमेल बघतील, नाहीतरी त्यांना बघायचेच असतात. तुम्ही निघा. पीपल्स स्क्वेअरवरून एक नंबरच्या लाईनवर एकच स्थानक पुढे, दक्षिण हुआंगपी रोडला उतरा. त्या भागात शिकुमेन घरं आहेत : दगडी चौकटीचं दार, आत छोटा चौक, आणि एका बोळात अशी ओळीने घरं, आपल्या चाळीसारखा सगळा संसार बोळात आलेला. ‘शिनत्यानदी’ नावाच्या तिथल्या भागातली घरं दुकानं थाटण्यासाठी घासूनपुसून ठेवली आहेत. शेजारीच, १९२१ मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाची पहिली बैठक भरली ते घर आहे. पण बांबू आणि कपडे हवेत तर मोठ्या रस्त्यावरून आत वळणाऱ्या, माणसं राहत असलेल्या बोळांच्या तोंडाशी थांबून बघा. आत शिरून कुणाच्या खिडकीत डोकावू नका. तिथून चालत फूशिंग पार्क, चिनारांच्या सावलीत एक बाक, हातात रताळं. मुलगा यायला तयार असेल तर न्या, नसेल तर एकट्या जा. दिवसाउजेडी तिथे एकट्या बाईला फिरायला भीती नाही. ‘भांडणं सोडवत फिरणार का’ या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच, की पाच माणसांनी पंधरा तास एकत्र राहायचं ठरवलं तर भांडणं होणारच. दोन तास वेगळं व्हा.

चारला पुन्हा सगळे एकत्र. नानजिंग रोडचा पायी चालण्याचा भाग थेट बंडपर्यंत जातो. सपाट आहे, वाहनं नाहीत, बसायला बाकं आहेत. पर्यटकांसाठी एक छोटी उघडी गाडी त्यावरून धावते. सासूबाई आणि लेक त्यात, बाकीचे पायी, असंही करता येईल. या रस्त्यावर आणि बंडवर कुणी तरुण मुलगा-मुलगी गोड इंग्रजीत येऊन ‘आमचा फोटो काढा’ म्हणत ओळख काढतील आणि पारंपरिक चहाला चला म्हणतील, तर हसून पुढे व्हा. त्या चहाचं बिल हजारांत येतं. तुमचा तेरा वर्षांचा मुलगा इंग्रजी बोलायच्या हौसेने आधी अडकेल, त्याला सांगून ठेवा.

बंडवर उजेड असताना पोचायचं. एका बाजूला जुन्या दगडी पेढ्या आणि बँका, दुसऱ्या बाजूला हुआंगपू नदी, नदीपलीकडे पुडोंगचे मनोरे : ४६८ मीटरचा ओरिएंटल पर्ल आणि ६३२ मीटरचा शांघाय टॉवर. या जुन्या इमारतींत हिरव्या तांब्याच्या टोकदार छपराची एक दिसेल, १९२९ ची. व्हिक्टर ससूनने बांधलेलं कॅथे हॉटेल, आता पीस हॉटेल. सासूबाईंना ससून म्हणजे पुण्याचं हॉस्पिटल माहीत असेल, मुंबईकरांना मासळीचा ससून डॉक. तेच हे घराणं. बगदादचे डेव्हिड ससून १८३२ मध्ये मुंबईला आले, त्यांचा मुलगा एलियास १८४४ मध्ये चीनला गेला, आणि मुंबई-चीन व्यापारात घराणं गबर झालं. त्या व्यापारात कापूस होता तशी माळव्याची अफूही होती, हे मुलाला सांगायला हरकत नाही. शाळेच्या इतिहासात अफूचं युद्ध एका ओळीत उरकलं जातं; त्या पैशाच्या इमारती समोर उभ्या असताना ती ओळ जरा लांबवता येते.

शनिवारी दिवे लागल्यावर बंडवर पाऊल ठेवायला जागा नसते. ३१ डिसेंबर २०१४ च्या रात्री तिथेच चेंगराचेंगरी होऊन ३६ माणसं गेली. तेव्हापासून मोठ्या गर्दीच्या दिवशी पोलीस रस्ते अडवून माणसं सोडतात. साध्या शनिवारी घाबरण्यासारखं काही नाही, पण सात वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांसमोर फक्त पाठी येतील. म्हणून पाच-सव्वापाचला, अंधारताना, गर्दीतून निघा आणि दक्षिणेकडच्या जिनलिंग पूर्व रोडच्या धक्क्यावरून फेरीबोट घ्या. रोजच्या प्रवाशांची साधी बोट, तिकीट दोन युआन, आपले पंचवीस रुपये. पर्यटकांच्या क्रूझला याच पाण्यावरून फिरायचे शंभराच्या वर युआन पडतात. बोटीसाठीही शनिवारी रांग असते, पण ती सरकते. पलीकडे पुडोंगच्या काठावर चालायला रुंद जागा आहे, बंडपेक्षा माणसं विरळ. तिथून जुन्या इमारतींचे पिवळे दिवे पाण्यासकट दिसतात आणि मान वर केली की मागे मनोरे. तिथेच टेका. जेवण पुडोंगमधल्या लुजियाझुई भागातल्या एखाद्या मॉलमध्ये, आणि दोन नंबरच्या मेट्रोने थेट परत. आठच्या आत सासूबाई आणि लेक अंथरुणात.

यजमानांच्या मनात टॉवर आहेच. त्यांनी आणि मुलाने तिथूनच शांघाय टॉवरवर जावं. लिफ्ट साधारण मिनिटभरात ११८ व्या मजल्यावर नेते. तेरा वर्षांच्या मुलासाठी वरच्या देखाव्यापेक्षा तेवढं मिनिटच पैसे वसूल करतं. तुम्ही, सासूबाई आणि लेक तेव्हा परतीच्या गाडीत असाल. एकाला हवं म्हणून पाचांनी रांगेत उभं राहायचं हा नियम कुणी केला?

आता जाण्याआधीची कामं, कारण तिथे गेल्यावर ती होत नाहीत. अलिपे आणि वीचॅट दोन्ही इथेच फोनवर घ्या, पासपोर्टने ओळख पटवून घ्या आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. बँकेकडून कार्डावर परदेशी व्यवहार सुरू करून घ्या, आणि ओटीपी ज्या नंबरवर येतो ते सिम रोमिंगवर चालू ठेवा. अर्ध्याहून जास्त लोकांचं घोडं इथेच अडतं. दोनशे युआनपर्यंतच्या खर्चावर जादा आकार लागत नाही, त्यावर तीन टक्के लागतो. तरीही सुट्ट्या नोटांत दोन-तीनशे युआन सासूबाईंच्या बटव्यात असू द्या. हॉटेलच्या वायफायवर गुगल आणि व्हॉट्सॲप उघडत नाही. भारतातून घेतलेल्या रोमिंगवर सहसा चालतं, म्हणून किमान दोन फोनवर ते घ्या. नकाशासाठी गुगलच्या भरवशावर राहू नका, तिथला आमॅप आता इंग्रजीत आहे. तो मुलाच्या हाती द्या आणि मेट्रोतून कोणत्या नंबरच्या दारातून बाहेर पडायचं ते शोधायचं काम त्याचं, असं जाहीर करा. पीपल्स स्क्वेअरला अशी वीसेक दारं आहेत. चुकीच्या दाराने निघालात तर आठ पदरी रस्त्याच्या पलीकडे उगवता. जबाबदारी अंगावर आली की तो फोनमध्ये डोकं घालूनच असेल, पण कामासाठी.

मुलीच्या आणि सासूबाईंच्या खिशात हॉटेलचं चिनी अक्षरांतलं कार्ड आणि तुमचा नंबर. सकाळी निघताना दोघींचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढून ठेवा. हरवलं तर जिथे आहोत तिथेच उभं राहायचं, शोधायला निघायचं नाही, हे दोघींकडून पाठ करून घ्या. रस्ता ओलांडताना आपली सवय दगा देते : तिथे वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून आधी डावीकडे बघायचं. आपल्याला हिरवा दिवा असतानाही उजवीकडे वळणाऱ्या गाड्या येतातच, आणि विजेच्या स्कूटर आवाज न करता अंगावर येतात. सार्वजनिक शौचालयं जागोजाग, फुकट आणि बऱ्यापैकी स्वच्छ. पण बहुतेक उकिडवं बसायची, आणि कागद असेलच असं नाही. सासूबाईंसाठी मॉलमधलं किंवा अपंगांसाठी राखलेलं शोधा आणि प्रत्येक बसायच्या जागेजवळ ते कुठे आहे हे यजमानांच्या शीटमध्ये लिहायला लावा. त्यांना रकाने भरायची हौस आहे, ती अशी उपयोगी पडेल.

शनिवारी पाऊस लागलाच तर युयुआन आणि बंड दोन्ही सोडून द्या. तेरा नंबरच्या लाईनवर निसर्ग इतिहास संग्रहालय आहे, २०१५ साली नव्या इमारतीत उघडलेलं. डायनासोरचे सांगाडे, आत उतरत जाणारे उतार, बसायला जागा, लिफ्ट. आगाऊ नोंदणी पासपोर्टच्या नंबरावर होते, ती हवामानाचा अंदाज बघून दोन दिवस आधी करा. गोंगदेलिनचं जेवण आणि दुपारची झोप पावसातही तशीच ठेवा.